इवाईबुवांच्या चौदा लायनी

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात, दारात आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणायच्या आधी ‘जीभ दाखवा’ म्हणणारा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईन. हे नातं थट्टेचं. लग्नात एकदा मानपान उरकला की पुढे जन्मभर एकमेकांची टिंगल करायची मुभा असते, आणि मी ती मुभा कधी वाया जाऊ दिली नाही. पण खरं सांगते, या माणसाची टिंगल करायला मला फार कष्ट पडले नाहीत. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला एक गृहस्थ आले. उन्हातून आलेले, घामाने निथळत होते. इवाईंनी त्यांना उंबऱ्यातच थांबवलं, जीभ बाहेर काढायला लावली, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि सांगितलं की तुमच्या अंगात ओल साचली आहे. ते गृहस्थ पत्रिका हातात धरून जीभ बाहेर ठेवूनच उभे राहिले, कारण आत घ्या असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांना प्यायला पाणी दिलं. गरम. मे महिन्यात, पांढरकवड्यात, गरम पाणी. थंड पाण्याने पोटातली चूल विझते असं चिनी लोक मानतात म्हणे. त्या लग्नाला मी गेले होते. नवरीच्या बापाने मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचे इवाई येणार आहेत का, आणि येणार असतील तर कोणत्या दाराने.

इवाई मूळचे चिनी नाहीत, हे सांगायला नको. ते वीज मंडळात लाइनमन होते. तीस वर्षं खांबावर चढले, उतरले, वादळात गेलेली लाइट रात्रीच्या रात्री आणून दिली, आणि त्या चढण्या-उतरण्यात उजवा खांदा घालवून बसले. निवृत्त झाले त्या वर्षी हात खांद्याच्या वर जाईना. सदऱ्याची बाही ईन चढवून देई. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्या डॉक्टरांनी इवाईंकडे बघितलं नाही, खांद्याच्या फोटोकडे बघितलं, वय झालं म्हणाले आणि तीन तऱ्हेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी खांदा होता तिथेच राहिला आणि पोटात आग पडायला लागली. मग पोटासाठी चौथी गोळी. घरी आल्यावर इवाई भिंतीकडे तोंड करून बसले ते सहा महिने तसेच. जेवायला हाक मारली तर जेवत. नाही मारली तर नाही. आयुष्यभर ज्याच्या नावाने गावात लाइट गेली की आरडाओरडा व्हायचा, त्याला आता कुणी हाक मारत नव्हतं, हे त्यांना खांद्यापेक्षा जास्त दुखत असावं. पण ते मी तेव्हा ओळखलं असं म्हणणार नाही. मला वाटायचं, आळस.

मग कुणीतरी त्यांना यवतमाळला एका मंगल कार्यालयातल्या शिबिरात नेलं. पाच दिवसांचं शिबिर. कुठल्याशा गुरुजींनी चिनी वैद्यक शिकवायचं आणि जमलेल्यांवर ते करूनही दाखवायचं. गुरुजींनी इवाईंच्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी पायाच्या नडगीवर, गुडघ्याच्या खाली, केसासारखी बारीक सुई टोचली आणि हात वर करा म्हणाले. हात वर गेला. पूर्ण नाही, पण कानापर्यंत गेला. दुसरा कुणी असता तर नमस्कार करून घरी आला असता. हे लाइनमन होते. बटन भिंतीवर असतं आणि उजेड छताला पडतो, हे ज्याने जन्मभर पाहिलं, त्याला सुई पायाला आणि हात वर यात चमत्कार दिसला नाही, वायरिंग दिसली. पाच दिवसांनी ते घरी आले तेव्हा त्यांच्या बगलेत माणसाच्या अंगाचा एक भलामोठा नकाशा होता, त्यावर डोक्यापासून पायापर्यंत चौदा लायनी काढलेल्या, आणि त्यांच्या तोंडात एकच वाक्य होतं. ते वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेतही म्हणता येईल.

“डॉक्टर बल्ब बदलते, ईनबाई. चिनी माणूस पोलापासून लाइन पाह्यते.”

मी म्हटलं, “आन् बल्बच गेला असंन तं?”

त्यावर त्यांनी माझ्याकडे, अडाणी ग्राहकाकडे बघावं तसं बघितलं.

तर त्या चौदा लायनींतून ‘ची’ नावाचा करंट वाहतो. तो नीट वाहिला की माणूस बरा. कुठे अडला की त्या जागी दुखणं. कुठे जास्त झाला की ताप, कुठे कमी पडला की हातपाय गार. डॉक्टर विचारतो, कोणता रोग झाला. चिनी माणूस विचारतो, कुठे अडलं. डॉक्टर दहा माणसांच्या डोकेदुखीला एकच गोळी देतो, चिनी माणूस दहा जणांना दहा जागी दाबतो. हे सगळं इवाई इतक्या तळमळीने सांगत की मध्ये उठून जायला जीव होत नसे, आणि बसून राहायला तर त्याहून होत नसे. सुया टोचायची परवानगी गुरुजींनी दिली नव्हती, हे आमच्या गल्लीचं नशीब. त्याऐवजी लायनीवरच्या ठिकाणावर मेथीचा दाणा ठेवायचा आणि तो चिकटपट्टीने घट्ट बसवायचा, म्हणजे दिवसभर आपोआप दाब पडत राहतो. चिकटपट्टी इवाईंना पसंत पडेना. घामाने निघते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या पेटीतली, वायर जोडायची काळी टेप काढली. तेव्हापासून आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या कानाला, अंगठ्याला, मनगटाला काळ्या टेपचा तुकडा. शिक्षक तसे, भाजीवाली तशी, पिठाच्या गिरणीवाला तर दोन्ही कानांना. एका मयतीला चार खांदेकऱ्यांपैकी तिघांच्या कानाला काळी टेप होती. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याने मला हळूच विचारलं, ही तुमच्याकडची रीत आहे का. मी म्हटलं, हो, नवीन आहे.

प्रत्येक अवयवाची दोन तासांची पाळी असते, हाही त्यांचा एक जिव्हाळ्याचा विषय. सकाळी पाच ते सात मोठं आतडं, सात ते नऊ पोट, अकरा ते एक हृदय, असं फिरत फिरत रात्रभर चालतं. हे वेळापत्रक त्यांनी लोडशेडिंगच्या जुन्या कागदामागे लिहून भिंतीला डकवलं होतं, आणि दोन्ही कागद सारखेच दिसत. पोटाची पाळी सकाळी सात ते नऊ, म्हणून मोठं जेवण त्याच वेळी. एकदा नात्यातल्या लग्नात हे सकाळी आठ वाजता पंगतीच्या मांडवात जाऊन बसले. आचारी अजून कांदे चिरत होते. दुपारी दोनला सगळी पंगत बसली तेव्हा हे हात बांधून बाजूला उभे, कारण पोट ड्युटीवर नव्हतं. नवरदेवाच्या मामाने आग्रह केला, तर त्याला म्हणाले, बंद फीडरवर लोड टाकू नये. मामाला काही समजलं नाही, पण त्याने घास खाली ठेवला.

भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, कारण मानेतून वारं शिरतं. कूलर बंद, कारण कूलर म्हणजे वारं आणि ओल दोन्ही. शेजारच्या बाईचा नवरा दारू पिऊन ओरडायचा, त्याच्या पायाच्या अंगठ्याजवळ यांनी मेथी लावली, कारण राग यकृतात राहतो. भीती मूत्रपिंडात राहते आणि दुःख फुप्फुसात. एकदा माझ्या लेकीने यांना उलट उत्तर दिलं, तर हे रागावले नाहीत. माझ्याकडे येऊन गंभीरपणे म्हणाले, तुमच्या पोरीचं लिव्हर गरम झालं आहे. मी म्हटलं, लिव्हर गरम नाही, ती आईवर गेली आहे. आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडायची. जुन्या काळी चीनमध्ये म्हणे माणूस बरा असेपर्यंत वैद्याला पगार चालू, आजारी पडला की बंद. ही खरी जबाबदारी, ते म्हणायचे. मी विचारलं, तुमच्या वीज मंडळाने हा नियम कधी पाळला होता का. त्या दिवशी मला गरम पाणीसुद्धा मिळालं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे आम्ही दोघींनी केलेली लबाडी.

तीन वर्षांपूर्वी ईन चुलीपाशी चक्कर येऊन पडली. भाकर तव्यावर जळून कोळसा झाली तेव्हा कुठे घरात कळलं. सरकारी दवाखान्यात नेलं. बीपी इतकं वाढलेलं होतं की नर्सने मशीन खराब आहे समजून दुसरं आणलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, ही आता कायमची. हा ‘कायमची’ शब्द इवाईंना झोंबला. जे कायम दुरुस्त करावं लागतं ती दुरुस्तीच नाही, असं त्यांचं म्हणणं. वायर नीट जोडली की रोज जोडावी लागत नाही. त्यांनी ईनची गोळी बंद केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दाब द्यायला सुरुवात केली. दोन्ही कानांना मेथी. चौथ्या दिवशी ईन भिंतीला धरत धरत माझ्या घरी आली आणि म्हणाली, डोकं फुटून राह्यलं, काय करू. माझं घर त्यांच्यापासून चार घरं सोडून. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. जाताना इवाईंना सांगितलं, बाजारात चाललो.

तेव्हापासून ईनची गोळी माझ्या घरी. रोज सकाळी ती देवपूजेला तगरीची फुलं तोडायच्या निमित्ताने माझ्या अंगणात येई, मी पाण्याचा पेला देई, ती गोळी गिळे, फुलं तोडे आणि घरी जाऊन इवाईंपुढे पाय पसरून बसे. लोक म्हणत, या ईनी-ईनींचं काय गूळपीठ आहे बघा. महिना संपला की आम्ही दोघी पुन्हा बाजारात जायचो. ईनचं बीपी उतरलं आणि उतरलेलंच राहिलं. इवाई लाइनमन, मीटर घेतल्याशिवाय कसं चालेल, त्यांनी बीपीचं मशीन विकत आणलं होतं. दर रविवारी ईनचा दंड बांधायचे, आकडा कॅलेंडरवर त्या त्या चौकोनात लिहायचे आणि दारावरून जाणाऱ्या माणसाला बोलावून दाखवायचे. पाहा. एकबी गोळी नाही. ईन मान खाली घालून हसायची, आणि लोकांना वाटायचं नवऱ्याच्या कौतुकाने लाजली.

मी एकदा तिला म्हटलं होतं की सांगून टाक. ती म्हणाली, सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसले होते, तुम्ही पाह्यलं ना. आता लोकं येतात, दाराशी चपला राह्यतात. राहू द्या. मी राहू दिलं. खरं तर मला मजाच वाटत होती. माणूस छाती फुगवून बोलतो आहे आणि त्याच्या फुगलेल्या छातीत हवा कुठून भरली जाते ते आपल्याला माहीत आहे, यासारखी करमणूक दुसरी नाही. तीन वर्षं मी ती फुकटात करून घेतली.

मग जावयाचं झालं. माझा जावई म्हणजे इवाईंचा मुलगा, ट्रक चालवतो. कापसाच्या गाठी भरून हैदराबादकडे जातो आणि येताना जे मिळेल ते घेऊन येतो. लायसन नवीन करायच्या वेळी तपासणी झाली, त्यात त्याचंही बीपी निघालं. आईचंच रक्त. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. हे मला माहीत होतं आणि मी निर्धास्त होते. एके दिवशी लेक माझ्याकडे मेथीची भाजी निवडायला बसली होती आणि बोलता बोलता म्हणाली की आता यांच्याही कानाला मेथी लागली.

मी विचारलं, “आन् गोळी?”

“बंद केली मामाजीनं.” मामाजी म्हणजे तिचे सासरे. “पंधरा दिवस झाले. मामाजी म्हणले, गोळीनं तुझी सवय बिघडते, आईकडं पाह्य. मंग यायले बी पटलं. सकाळपासून डोकं दुखून राह्यलं म्हणतात, पण मामाजी म्हणतात लाइन साफ होऊन राह्यली.”

“ट्रक कधी निघते?”

“उद्या सकाळी.”

माझ्या हातात भाजीची जुडी होती ती तशीच राहिली. मला माणसं घाबरट म्हणत नाहीत. पण त्या वेळी गाठींनी भरलेला ट्रक, तो रस्ता, त्यावर धावणाऱ्या गाड्या आणि आत डोकं धरून बसलेला माझा जावई, हे मला अगदी समोर दिसलं. आणि हे करणारा माणूस खोटं बोलत नव्हता, हेही दिसलं. त्याने आपल्या पोराला जे सांगितलं ते डोळ्यांनी पाहून, मीटर लावून, कॅलेंडरवर लिहून सांगितलं होतं. खोटं आम्ही दोघी बोललो होतो. त्या कॅलेंडरवरचा एकेक आकडा माझ्या घरच्या पाण्याच्या पेल्यातून आला होता.

मी लेकीला तिथेच सोडलं, ईनच्या गोळ्यांचं पाकीट कमरेच्या पिशवीत टाकलं आणि ईनकडे गेले. ती परसात कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, आज सांगायचं. तिला काय ते लगेच कळलं. तिने हातातलं लुगडं पिळून पिळून अगदी कोरडं केलं आणि म्हणाली, “त्यायचं मन मोडन, बाई.”

“मन मोडलं तं जोडता येते. पोराची नस फुटली तं काय जोडाल, काळी टेप लावून?”

ती लुगडं तारेवर टाकून आत गेली आणि मी तिच्या मागे. आत जावई खाटेवर पाय सोडून बसला होता, डोळे मिटून. इवाई खाली बसून त्याच्या अंगठ्याचं बेचकं दाबत होते. बाजूला मशीन. मोजलेला आकडा मशीनवर अजून तसाच होता, मी चष्मा लावून वाचला. मला चौथीपर्यंतचंच गणित येतं, पण तो आकडा वाचायला तेवढं पुरेसं होतं. इवाई म्हणाले, उतराच्या आधी एकदा चढते, कचरा निघून राह्यला. त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणजे त्यांनाही ती चढण पसंत नव्हती.

ईन दाराशीच पदराला हात पुसत राहिली, म्हणून मी माझ्या कमरेच्या पिशवीतून तिच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि मशीनच्या शेजारी ठेवलं. अर्ध्या गोळ्या संपलेल्या. इवाईंनी ते उचललं, उलटं करून बघितलं. त्यांना वाटलं पोराचं आहे. मी सांगितलं, हे तुमच्या बायकोचं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ईनकडे बघितलं.

“किती दिवस?”

“तीन वर्षं,” ईन म्हणाली.

“रोज?”

“रोज. फुलं तोडाले जात होते तवा.”

मला वाटलं आता भडकतील. मी त्यासाठी तयार होते, मला भांडण येतं. पण ते तसेच खाली बसून राहिले, पोराचा पाय हातात धरून, आणि बोलले ते इतकं हळू की जावयानेही डोळे उघडून ऐकलं.

“खांबावर चढाच्या आधी आम्ही खालून सप्लाय बंद करतो, ईनबाई. लाइन मेली असं समजून हात लावतो. आन् कोणाच्या तरी घरात जनरेटर चालू राह्यते, कोणाले न सांगता. तो करंट उलटा लायनीत येते. माझा जोडीदार असाच गेला. माझ्यासमोर. तुम्ही दोघीनं तीन वर्षं जनरेटर चालवला. मले वाटलं, लाइन मी जोडली.” मग पोराकडे बघून म्हणाले, “आन् मी याले हात लावाले सांगतलं.”

मी आयुष्यात अनेकांचं तोंड बंद केलं आहे. माझं तोंड त्या दिवशी एका लाइनमनने बंद केलं. उत्तर नव्हतं असं नाही. तुमच्यापुढे खरं बोलायची सोय तुम्ही ठेवली होती का, असं मी विचारू शकले असते, आणि ते बरोबरही होतं. पण त्या माणसाने तोपर्यंत पोराच्या कानाची टेप काढायला घेतली होती. दोन्ही कानांची, मनगटाची, पायाची. काळी टेप केस घेऊन निघते. जावई दात खाऊन बसला होता. मग त्यांनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. नशीब चांगलं, काही फुटलं नाही, वाकडं झालं नाही. ट्रक दुसऱ्या कुणीतरी नेला. डॉक्टर जावयाला खूप बोलले. शिकलेला माणूस असून गोळी कोणाच्या सांगण्याने बंद केली, असं विचारत होते, तर इवाई बाकावरून उठून म्हणाले, माह्या सांगण्यानं. लपवालपवी करायची त्यांची पद्धत नव्हती. ती आमची होती.

त्यानंतर दाराशी चपला दिसेनात. नकाशा गुंडाळून कपाटावर गेला. लोक विचारायला आले तर इवाई सांगत, मले काही समजत नाही, दवाखान्यात जा, आणि ज्या ज्या माणसाच्या कानाला टेप लावली होती त्याच्या त्याच्या घरी जाऊन त्यांनी विचारलं की बाबा, तू कोणती गोळी बंद तर केली नाहीस ना. गिरणीवाल्याने केली होती. त्याला हाताला धरून दवाखान्यात नेला. मला वाटलं होतं की या दिवसांची मजा मी वर्षभर पुरवून सांगेन. पण जिभेवर एकही गोष्ट येत नव्हती. माझ्या अंगणातली तगर फुलांनी लवून गेली होती, तोडायला कुणी येत नव्हतं, कारण आता ईन गोळी घरीच घेत होती. इवाई स्वतः देत होते. त्या दिवसानंतर त्यांनी मला ‘ईनबाई’ म्हणून हाक मारलेली नव्हती. माफी मागायची मला सवय नाही, आणि कशाची मागायची तेही नीट ठरत नव्हतं. जीव वाचवल्याची तर मागणार नव्हते.

महिना भरला तेव्हा ते ईनला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. बीपी-शुगरवाल्यांची रांग तिथे मोठी असते. ईनला बाकावर बसवून हे रांगेत उभे राहिले. आता जो माणूस तीस वर्षं लोकांच्या घरात शिरून ‘लाइट कधीपासून गेली, आधी मिचमिच करत होती का’ असं विचारत आला, तो रांगेत गप्प कसा राहणार. पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, भूक कशी लागते, झोप लागते का, पाय गार पडतात की तापतात. दाबलं काही नाही, लावलं काही नाही. नुसतं विचारलं. तो म्हातारा शेजारच्या तांड्यावरचा, कुणाशी फार न बोलणारा, तो बोलायला लागला. म्हणाला, चालताना एका पायातली चप्पल निसटते आणि मला कळतच नाही, मागून कुणीतरी हाक मारून सांगतं. इवाईंनी आत जाऊन तिथल्या डॉक्टरीणबाईंना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी आधी पाय तपासला, मग रक्त. शुगर निघाली, आणि तळव्याला एक जखम, जी त्याला स्वतःला माहीत नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांच्यापुढे रोज इतकी माणसं असतात की प्रत्येकाच्या वाट्याला बीपीचा पट्टा बांधून सोडण्याइतकाच वेळ येतो. चप्पल निसटते का हे त्या विचारणार कधी? त्यांनी इवाईंना म्हटलं, काका, पुढच्या आठवड्यातही या. आणि बाहेर रांगेच्या कडेला एक खुर्ची ठेवून दिली.

आता ते दर आठवड्याला त्या खुर्चीवर असतात. मफलर आहेच. जीभ दाखवा म्हणत नाहीत, लायनींचं नाव काढत नाहीत. माणसं रांगेत सरकत सरकत त्यांच्यापाशी येतात, काय काय सांगतात, आणि आत जाईपर्यंत त्यांना नेमकं काय बोलायचं ते सुचलेलं असतं. काहीजणांना तर तेवढ्यानेच बरं वाटतं आणि ते आत न जाताच परत निघतात. मग इवाई त्यांना ओरडतात, गोळी कोण घेईन, तुहा बाप?

मागच्या महिन्यात मीही माझ्या बीपीच्या गोळ्यांना गेले होते. रांग सरकली आणि मी खुर्चीपाशी आले. पुढे जावं म्हटलं तर पुढची बाई अजून आतच, मागे जावं तर मागे माणसं. त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्दही बोललेले नव्हते.

“ईनबाई, जेवण जाते का?”

मी म्हटलं, “जाते. न जायला काय झालं.”

दुसरा कुणी असता तर बरं म्हणून मोकळा झाला असता. हे वाट बघत बसले, जशी काही घाई कुणाला नव्हतीच. मग मीच सांगितलं. आमचे मालक वारल्यापासून एकट्यापुरता स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. सकाळी दोन भाकरी टाकते, एक तेव्हा आणि एक संध्याकाळी, तिखट-तेल लावून, चुलीपाशी उभ्याउभ्याच. बसून ताट वाढून घेतलं तर समोरचा पाट रिकामा दिसतो. हे मी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

इवाई म्हणाले, “हं.” एवढंच. भाजी खा म्हणाले नाहीत, दुःख फुप्फुसात राहतं म्हणाले नाहीत. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि म्हणाल्या, आजी, या वेळी छान आहे. गोळ्यांनी आहे की कशाने, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. महिन्याच्या गोळ्या पिशवीत टाकून बाहेर आले तेव्हा खुर्चीभोवती चार माणसं वाकून उभी होती, आणि त्यांच्या मधून मला फक्त मफलर दिसला.